नको म्हटल्यावर रस्ता बंद झाला

चाकणच्या ज्या कंपनीत मी आता सिक्युरिटी बघते, तिथली इंजिनिअर मंडळी परदेशी निघाली की विचारतात, "मॅडम, तिकडे काय सांभाळायचं?" मी सांगते, कुणी काही दिलं तर आधी घ्या. हे मी लान्स नाईक संतोषमुळे सांगते.

आफ्रिकेत शांतिसेनेत मी कॅप्टन होते. सकाळी पेट्रोलिंग, दुपारी रिपोर्ट, संध्याकाळी रोल कॉल. तिथल्या लोकांशी बोलणं कामापुरतं. मी काळेवाडीत वाढलेली. कुणाकडे गेलं की आधी 'नको' म्हणायचं आणि आग्रह झाला की घ्यायचं, हे अंगात मुरलेलं होतं.

त्या दिवशी पेट्रोलिंगवर आमच्यावर गोळीबार झाला. संतोषच्या मांडीत गोळी घुसली. हेलिकॉप्टर मिळणार नव्हतं. फील्ड हॉस्पिटलला जायला एकच रस्ता, तोही एका गावातून. गावाच्या तोंडाशी आडवा ओंडका आणि त्यामागे बंदुका घेतलेले तरुण. एक म्हातारी भोपळ्याच्या वाटीतून पाणी घेऊन पुढे आली.

"नको, थँक यू. घाईत आहोत," मी म्हणाले.

तिने पुन्हा विचारलं नाही. पाणी मातीत ओतलं आणि ती मागे फिरली. तरुणांनी बंदुका वर केल्या.

आमची दुभाषी अयेन हळूच म्हणाली, "इथं पाणी नाकारतो तो मारायला आलेला असतो. हत्यार लांब ठेवा. खाली बसा. पाणी तुम्ही मागा."

वायरलेस खरखरला. "टायगर, लोकेशन? ओव्हर."

"गावाच्या नाक्यावर. रस्ता बंद. ओव्हर."

"फोर्स वापरायचा नाही. ओव्हर."

"रॉजर."

गाडीतून संतोषचा आवाज आला, "काय झालं मॅडम? सोयरीक मोडली व्हय?"

"गप पड भावा," ड्रायव्हर म्हणाला.

मी कार्बाइन बॉनेटवर ठेवली, हेल्मेट काढलं, मातीत बसले आणि पाणी मागितलं. म्हातारी झोपडीत गेली ती लवकर येईना.

"मॅडम, बीपी पडतंय," नर्सिंग असिस्टंट ओरडला. त्याचे दोन्ही हात जखमेवर होते.

मी उठले नाही. उठले असते तर गोळी सुटली असती.

म्हातारी आली. मी वाटी रिकामी केली. मग तिने अयेनमार्फत विचारायला सुरुवात केली. घर कुठं, आई आहे का, मुलं किती. मी एकेक उत्तर दिलं. ती उठून गाडीपाशी गेली.

"त्याला प्यायला देऊ नका," नर्सिंग असिस्टंट म्हणाला. तिने बोटं भिजवून संतोषचे ओठ ओले केले.

"आजी," संतोष म्हणाला.

तिने हात केला. ओंडका बाजूला झाला.

हॉस्पिटलला पोचताच संतोषला ऑपरेशनला घेतलं. पहाटे तो गेला. मांडीतली मोठी शीर तुटली होती, असं डॉक्टर म्हणाले.

सकाळी त्या गावच्या बायका येऊन कॅम्पच्या गेटसमोर मातीत बसल्या.

"मागणी काय आहे त्यांची?" आमच्या कमांडिंग ऑफिसरांनी विचारलं.

"मागणी नाही, सर. त्यांचं पाणी ज्याच्या ओठाला लागलं तो त्यांचा झाला. रडायला आल्यात," अयेन म्हणाली.

सुट्टीवर आले तेव्हा चाकणजवळच्या संतोषच्या गावी गेले. तो कसा गेला ते सांगितलं. त्याची आई म्हणाली, "परक्या मुलखात त्याच्यापायी रडाया कोन व्हतं का, बाई?"

"होतं," मी म्हणाले. "तिथल्या बायका अंधार पडेपर्यंत उठल्या नाहीत."