घरचा गळा

आमच्या शाखेतल्या लोकांना एक वाईट खोड आहे. एखाद्या घरात पाच-सात माणसं एकाच रोगाची निघाली की आम्ही त्या घराला ‘छान कुटुंब’ म्हणतो. परिषदेत चहाचा कप हातात धरून एकमेकांना विचारतो, यंदा काही छान कुटुंबं मिळाली का? माझा नवरा एकदा अशा गप्पांच्या वेळी शेजारी उभा होता. घरी येताना गाडीत म्हणाला, "तुम्ही लोक म्हणजे दुसऱ्याच्या खानदानात नाक खुपसायचा परवाना मिळालेली माणसं." मला राग आला. तो खरं बोलत होता म्हणून जरा जास्तच आला.

आईबापांकडून मुलांकडे उतरणारे आजार हा माझा विषय. त्यातही माझा जीव अडकलाय तो ग्रंथींच्या गाठींमध्ये. गळ्यातली थायरॉइड, मूत्रपिंडाच्या डोक्यावर बसलेली अ‍ॅड्रिनल, अशा ग्रंथींना काही घरांत जनुकातल्या एका चुकीमुळे पिढ्यान्‌पिढ्या गाठी येत राहतात. त्या घरांचा मी अभ्यास करते. नागपुरात सदरला माझी ओपीडी आहे. आमच्या विदर्भात सिकलसेल गावोगाव माहीत, त्यामुळे आजार रक्तातून येतो हे इथं कुणाला समजावावं लागत नाही. लोकांना ते समजतं. कधीकधी नको तितकं समजतं.

इतवारीत भांड्यांचं दुकान असलेलं एक घर माझ्याकडे आलं, ते असंच ‘छान’ होतं. दुकानदार पन्नाशीचे. गळ्याला गाठ आली आणि तपासणीत थायरॉइडचा तो खास कॅन्सर निघाला, जो घराण्यातून येऊ शकतो. त्यांच्या थोरल्या बहिणीचं त्याच गाठीचं ऑपरेशन आधीच झालेलं. वडील गळा सुजूनच गेलेले. ही थोरली बहीण, म्हणजे मुलांची आत्या, नवरा गेल्यापासून माहेरीच राहत होती आणि घरात शब्द तिचाच चालायचा. पहिल्याच भेटीत तिनं पदर बाजूला सारून मला गळ्यावरचा व्रण दाखवला.

"आमच्या घरचा गळाच असा हाये मॅडम," ती म्हणाली. "आज्याचा असाच, बाबाचा असाच, माहा बी असाच. एखाद्या घरचं नाक राहते ना, तसा आमचा गळा."

हे ती तक्रारीच्या सुरात सांगत नव्हती. घरातल्या जुन्या दागिन्याबद्दल बायका बोलतात, तसा तिचा सूर होता. मला ती आवडली.

दुकानदारांना तीन मुलं. मोठा मुलगा दुकानात बसायचा, मधली मुलगी कॉलेजात, धाकटी दहावीत. तिघांचं रक्त घेतलं. रिपोर्ट येईपर्यंत वडिलांचं ऑपरेशनही उरकलं. रिपोर्ट असा आला की मोठ्या दोघांत ती चूक उतरली होती, धाकटीत नव्हती. मोठ्या दोघांची थायरॉइड कॅन्सर व्हायच्या आत काढून टाकता येणार होती. धाकटीला तर काहीच करायचं नव्हतं, ऑपरेशन नाही की दरवर्षीच्या तपासण्या नाहीत. माझ्या कामात अशी बातमी द्यायला फार क्वचित मिळते, आणि मिळाली की मला मनापासून आनंद होतो. मी ती हसतहसत दिली. आई धाकटीला जवळ ओढून रडली.

आत्या तेवढी हसली नाही. "मॅडम, तुमी तं पन्नास टक्के म्हनलं होतं ना?" तिनं विचारलं. "मंग हिच्यात अजिबातच काहून नाई?"

मी पुन्हा सगळं सांगितलं. छापा-काटा, प्रत्येक मुलाच्या वेळी नव्यानं नाणं उडवायचं वगैरे. तिनं ऐकून घेतलं. तिला पटलं असं मी धरून चालले.

काही आठवड्यांनी मुलांची आई एकटीच आली. बाहेर ऊन मी म्हणत होतं. ती घामानं डबडबलेली, तरी पाण्याच्या ग्लासला हात लावेना. खुर्चीच्या अगदी कडेवर बसून म्हणाली, "मॅडम, एक काम होतं. माह्या लहान्या पोरीले बी ते हाये, असं लिहून देता का?"

लोक माझ्याकडे नेमकं उलटं मागायला येतात. लग्न ठरतंय, आजार नाही असं लिहा. नोकरीचं चाललंय, जरा सांभाळून लिहा. निरोगी लेकराला आजारी ठरवा म्हणणारी ही मला भेटलेली पहिलीच आई.

"काहून?" मी तिच्याच बोलीत विचारलं.

मग हळूहळू बाहेर आलं. आत्याचं म्हणणं असं की मुलांत निम्मं रक्त बापाचं असतं. मोठ्या दोघांत बापाचं आलं, तर हिच्यात थोडं तरी यायलाच हवं होतं. नाही आलं, म्हणजे ही आपल्या घरची नाही. धाकटीच्या जन्माआधी नवरा-बायकोचं काहीतरी बिनसलं होतं आणि बाई काही महिने माहेरी, भंडाऱ्याला जाऊन राहिली होती. ते भांडण मिटलं, पण आत्या ते विसरली नव्हती. आता तिच्या संशयाला माझा रिपोर्ट मिळाला होता.

"पोरगी जेवाले बसली की ताई तिच्या गळ्याकडं पाहून राहतात," आई सांगत होती. "परवा तं तोंडावर म्हनल्या, तुह्या गळ्यात आमचं काहीच नाई. पोरगी दहावीत हाये मॅडम, दूधपिती नाई. मले विचारून राहिली, आई, मी कोनाची?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आत्याचा राग आलाच, पण त्याहून जास्त माझ्या त्या पन्नास टक्क्यांचा आला. ही पितळेच्या धंद्यातली माणसं. तांबं आणि जस्त एकत्र वितळवलं की भांड्याच्या कणाकणात दोन्ही असणार, हे त्यांना ठाऊक. मी टक्के सांगितले आणि त्यांनी रक्ताचाही तसाच हिशोब मांडला. आमची ती नाण्यांची उदाहरणं वर्गात बरी असतात.

"तुमचे यजमान काय म्हणतात?"

"ते काही बोलत नाईत."

ऑपरेशननंतर त्यांचा आवाज पार बसला होता, हे मला माहीत होतं. म्हणून मी पुढं विचारलं नाही.

बाप कोण हे सांगणारी तपासणी असते, असं मी जपून तिला म्हटलं. तुम्ही दोघं आणि धाकटी, तिघांचं रक्त दिलं की प्रश्न मिटेल. तिनं पहिल्यांदाच नजर वर केली.

"मी काहून देऊ? मी का चोर आहो?" मग विचार करून आल्यासारखी म्हणाली, "त्यापेक्षा तिचं बी ऑपरेशन करून टाका ना. गळ्यावर टाके दिसले की ताई गप होतील."

मी ओरडले. चक्क ओरडले. सिस्टर दार उघडून आत डोकावली. धडधाकट पोरीचा गळा कापायचा, जन्मभर तिला गोळ्यांवर ठेवायचं, कशासाठी? कुणाच्या तरी जिभेला लगाम घालायला? बाई तोंडात पदराचा बोळा कोंबून रडायला लागली, आणि मग मला माझीच लाज वाटली. मी टेबलाला वळसा घालून तिच्या शेजारी जाऊन बसले. माझ्या डोळ्यांतही पाणी आलं होतं आणि ते मी लपवलं नाही. लेकीला बापाच्या घरात राहू द्यावं म्हणून ही बाई लेकीचा गळा पुढं करत होती.

खोटं लिहून देणं मला शक्य नव्हतं. पण गप्प बसले असते तर त्या घरात रोज त्या पोरीचा घास अडकला असता. मोठ्या मुलांच्या ऑपरेशनचं ठरवायचं होतंच. मी म्हटलं, सगळे या, ताईंनाही घेऊन या.

ते आले. मुलांना बाहेर बाकावर बसवलं आणि तिघं मोठे आत. दुकानदारांनी गळ्याभोवती सुती दुपट्टा गुंडाळला होता. ऑपरेशनचं बोलून झाल्यावर मी आत्याकडे वळले. म्हटलं, बापाकडे एकाच घाटाची दोन भांडी आहेत असं धरा, एक धड आणि एक गळकं. प्रत्येक मुलाला दोन्हींतलं एकच मिळतं, अर्धं-अर्धं नाही. मोठ्या दोघांना गळकं मिळालं, धाकटीला धड.

"गळकं भांडं आमी दुकानात ठेवतच नाई," आत्या म्हणाली.

ती गंमत करत नव्हती. मी हसू गिळलं आणि दुसरीकडून सुरुवात केली.

"ताई, तुमच्या वडिलांना भाऊ होते का?"

"हायेत ना अजून, मोठे काका. काटोलले राहतात. ऐंशीच्या वर गेले, पन रोज वावरात जातात."

"त्यांच्या गळ्याला कधी काही?"

"काहीच नाई. ठणठणीत."

"आणि तुमच्या आजोबांना मात्र गाठ होती."

"होती ना. तिथूनच तं सुरू झालं हे."

"म्हणजे आजोबांचं तुमच्या वडिलांत उतरलं आणि काकांत नाही उतरलं. मग काका तुमच्या घरचे नाहीत का?"

"काय बोलता मॅडम!" ती ताडकन म्हणाली. "माही आजी म्हनजे..."

तिथंच तिचं वाक्य अडलं. आपल्याच हिशोबानं आजीवर काय आळ येतो आणि भावजयीवर आपण काय घेतला, हे दोन्ही तिच्या लक्षात एकदमच आलं असावं. तिचा चेहरा उतरला. तिनं दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरले.

"माह्याकडून चुकलं वं," ती भावजयीला म्हणाली. मग उठली, दार उघडून बाहेर गेली आणि बाकावर धाकटीला अगदी चिकटून बसली. उघड्या दारातून मला दिसत होतं, ती पोरीच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि पोरगी अंग चोरून बसली होती.

मी मात्र स्वतःवर भलतीच खूश होते. घरी गेल्यावर नवऱ्याला हे कसं रंगवून सांगायचं, तेही मनात जुळवायला लागले होते. तेवढ्यात दुकानदार खाकरले. आवाज अजून घोगराच होता, पण आता शब्द कळत होते.

"मले तं पहिल्यापासूनच भरोसा होता," ते म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले, बायकोकडे बघून नाही.

बाई रिपोर्ट पिशवीत ठेवत होती. तिचे हात थांबले.

"होता?"

त्यांनी गळ्याकडे बोट दाखवलं. "आवाज नव्हता ना."

"आवाज नव्हता, समजते मले," ती म्हणाली. ना रागात, ना रडत. "ताई पोरीले बोलून राहिल्या होत्या, तवा तुमी समोरच्याच पाटावर होते. पोरगी तुमच्याकडंच पाहून राहिली होती. मान तं हलवता येत होती तुमाले."