गॅरेजमागचं अळू

१२ मार्च. मंडळाच्या कार्यक्रमाला चाळीस जणांच्या अळूवड्या मी कबूल केल्या होत्या, म्हणून सकाळीच गॅरेजमागचं अळू कापायला बसले. माझं अळू आमच्या टूनगॅबी उपनगरातल्या मराठी घरांत प्रसिद्ध आहे. मी ते 'ऑर्गॅनिक' म्हणून वाटते.

रोज कुंपणाजवळून फिरायला जाणारे एक आजोबा आज थांबले. मुलाकडे राहायला आलेले, वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, एवढंच मला ठाऊक. त्यांनी गॅरेजच्या भिंतीचा सुटलेला पोपडा नखाने उचकटला.

"ताई, जुन्या रंगात शिसं असू शकतं. एक रोप उपटा बरं."

उपटलं. पानं सुपाएवढी, मुळं मात्र आखूड आणि काळपट. खिशातलं भिंग काढून त्यांनी ती मला लग्नाच्या अल्बमसारखी दाखवली. भिंगातून दिसत नव्हतं ते काडीने मातीत काढलं: शिशाने मुळांची टोकं खुंटतात, पेशींच्या भिंती जाड होतात, पाणी नेणाऱ्या नळ्या अरुंद होतात.

"पण वरून किती टवटवीत आहे," मी म्हटलं.

"झाड तक्रार करत नाही, म्हणून आपण म्हणतो त्याला मानवलं. तीस वर्षं मी प्रयोगशाळेत मुळंच कापली. घरी सांगायला गेलो की मुलगा म्हणतो, बाबा, नो वरीज."

"मग मंडळातल्या पोरांना वड्या देऊ की नको?"

"नुसतं बघून शिसंच आहे असं नाही म्हणता येत. माती तपासेपर्यंत नको."

१३ मार्च. सकाळी मी सगळं अळू खताच्या नाही, लाल झाकणाच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं, माती तपासायला पाठवली आणि ज्या अकरा घरांत अळू वाटलं होतं, तिथे एकेक फोन केला.