लिटरभर पेट्रोल, खोलीभर वारं

ज्वलनासाठी प्राणवायू लागतो, हे वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल! पेटत्या मेणबत्तीवर काचेचा पेला उपडा घालायचा, ज्योत विझली की मुलांनी "हाँ" करायचं, आणि पान उलटायचं. त्या वाक्यात केवढं मोठं काही दडलंय ते मला शाळेत कळलं नाही. कळलं आमच्या स्वयंपाकघरात, सासऱ्यांच्या शेजारी उकिडवं बसल्यावर. सत्तरीच्या दशकातली गोष्ट. नोकरी नवी होती आणि कच्ची होती.

शाळा गारगोटी रस्त्यावरच्या एका गावात. कोल्हापुरातून सुटणारी पहिली एसटी तिथं पोचायची तेव्हा प्रार्थना होऊन पहिला तास अर्धा उलटलेला असे. हेडमास्तरांनी एकदा समजावलं, दुसऱ्यांदा समजावलं, तिसऱ्यांदा सरळ सांगितलं, "बाई, शिकवता चांगलं. पण दिवाळीनंतर महिनाभर बघतो. प्रार्थनेला हजर नसाल तर ही जागा दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल."

आमच्या यजमानांची बदली चंदगडला झालेली, ते रविवारपुरते घरी यायचे. त्यांची स्कूटर दारात नुसती उभी होती. मी ती शिकले. शिकवली सासऱ्यांनी, ज्यांना स्वतःला सायकलीपलीकडं काही चालवता येत नव्हतं. मामा, म्हणजे माझे सासरे, मागून धावायचे आणि ओरडायचे, "खाली काय बघतीस? म्होरं बघ की!" गल्लीतल्या बायका दारात येऊन तमाशा बघत. मामा त्यांना म्हणायचे, "बघा, बघा. तिकीट न्हाय."

मामा तरुणपणी तालमीत घुमलेले. उतारवयातही रोज संध्याकाळी गंगावेशीत जाऊन धारोष्ण दूध पिऊन येत. जगातल्या सगळ्या दुखण्यांवर त्यांच्याकडं एकच इलाज होता, खुराक. शेजारचं पोर किरकिरं झालं, खुराक कमी. परसातला पेरू फळेना, खुराक कमी. वर्गात ओरडून माझा आवाज बसला, तर त्यालाही खुराकच कमी.

दिवाळी झाली, कारखाने सुरू झाले आणि रस्ता ऊसगाड्यांनी भरला. मी घरी यायची ती धुळीनं माखून. मामांना माझ्यापेक्षा स्कूटरची काळजी. "एवढी माती पोटात गेल्यावर काय व्हणार तिचं?" म्हणत त्यांनी आपल्या जुन्या पटक्याचं कापड दुहेरी दुमडलं आणि सीटखाली जिथून इंजिन हवा आत ओढतं त्या तोंडावर सुतळीनं घट्ट आवळून बांधलं. मलाही ते पटलं. विज्ञानाच्या बाईंना!

चार-आठ दिवसांत स्कूटरची रया गेली. सपाटीवर ठीक, पण चढ आला की धापा टाकायची. ऑईल मिसळलेल्या पेट्रोलचा थोडा धूर असायचाच, पण आता काळा लोट निघू लागला. प्लग काढून पुसला की जरा वेळ बरं चाले, मग पुन्हा तेच. दोनदा मी प्रार्थना संपताना पोचले. हेडमास्तरांनी चष्म्यावरून बघितलं. महिना संपत आला होता, आणि मला रात्रीचा घास गोड लागेना.

मामांनी निदान केलं. "खुराक कमी पडतुया तिला." कार्बुरेटरला एक स्क्रू असतो, तो सैल केला की पेट्रोल जास्त सुटतं, एवढं त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं. त्यांनी तो मोकळ्या हातानं सैल केला. दुसऱ्या दिवशी स्कूटर वेशीबाहेरच बंद पडली. कशीबशी शाळा गाठली, पण मामा मात्र संध्याकाळी म्हणाले, "आजून थोडा सोडू का?"

त्या संध्याकाळी मी वातीच्या स्टोवर दूध ठेवलं होतं. मामा उंबऱ्याशी बसून प्लग पुसत होते. स्टोकडं लक्ष गेलं तसे खेकसले, "वाती खाली घे की! किती वर केल्यास? भांडं काळं व्हतंय."

मी वाती खाली घेतल्या. लांबलचक पिवळी ज्योत आखडली आणि निळी झाली. पातेलं उचलून बुडाकडं बघितलं. मग मामांच्या हातातल्या प्लगकडं बघितलं. तीच काजळी, तसाच मऊ, ओलसर काळा रंग.

"मामा," मी म्हणाले, "ती उपाशी नाही. तिला श्वास मिळंना झालाय."

दूध तसंच टाकून आम्ही बाहेर आलो. सीट उचलली. पटक्याचं कापड धुळीनं पाटीसारखं कडक झालं होतं. मी ते सोडलं, स्क्रू थोडा आवळला, किक मारली. स्कूटर खोकली, काळा ढेकर दिला, आणि मग तिचा आवाज मोकळा झाला. इतका मोकळा की मामांनी एक पाऊल मागं घेतलं.

त्यांनी ते कडक कापड हातात घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे गळा मीच आवळला व्हय तिचा?" एवढा दांडगा गडी, पण तेव्हा त्यांच्याकडं बघवेना.

त्यांचं मन दुसरीकडं वळवावं म्हणून मी स्वयंपाकघरात फरशीवर खडूनं गणित मांडलं. वजनाला वजन लावलं तर पेट्रोलच्या पंधरापट हवा लागते. मग एका लिटरला किती? उत्तर आलं आणि मी ते पुन्हा तपासलं, कारण माझाच विश्वास बसेना. आमच्या त्या चिमुकल्या स्वयंपाकघरात मावेल जवळजवळ तेवढी सगळी हवा, एका लिटर पेट्रोलला!

"ह्या खोलीतलं समदं वारं?" मामा म्हणाले. ते उठले. कोपऱ्यात गेले, फडताळाखाली वाकून बघितलं, मग छताकडं बघत उभे राहिले. मीही बघत राहिले. रोज शाळेला जाताना पेट्रोलची टाकी मी डोळ्यांत तेल घालून तपासायची, आणि या दुसऱ्या खाण्याचा कधी विचारही केला नव्हता. ते कुठल्या टाकीत नव्हतं, कुठं भरायला जावं लागत नव्हतं. उसाच्या फडांवरून, ओढ्यांवरून येणारी सकाळची हवा ते यंत्र खोल्याच्या खोल्या पीत मला शाळेत नेत होतं. त्या क्षणी जगाला माझा हेवा वाटावा इतका आनंद मला झाला, आणि थोडी भीतीही वाटली.

आनंदात माणूस अतिरेक करतो. झोपण्याआधी मी स्क्रू आणखी आवळून ठेवला. हवाच एवढी लागते ना, मग घे म्हणावं हवा.

सकाळी मामा पटका बांधून दारात तयार. "मी मागं बसनार. ऐकायचीय मला ती." सुनेच्या मागं स्कूटरवर, भर दिवसा, अख्ख्या पेठेतून! लोक थांबून बघत होते. मामा कुणाकडंच बघत नव्हते. त्यांचा कान इंजिनाकडं होता.

शाळेच्या अलीकडं एक चढ आहे. पायथ्याशी ऊसगाड्या आडव्या आल्या, मी वेग कमी केला, आणि पुन्हा मूठ पिळली तर स्कूटरनं फटफट असे दोन कोरडे फटके दिले आणि विझली. किक मारली, पुन्हा विझली. वर टेकाडावर शाळेचा झेंडा दिसत होता. महिन्याचा तो शेवटचा दिवस. मला रडू यायला लागलं.

पान्यानं सैल करून, पदरात धरून गरम प्लग काढला. काळा नव्हता. पांढुरका, करपलेल्या राखेसारखा.

"आता काय झालं?" मामांनी विचारलं.

"आता मी उपाशी मारली तिला," मी म्हणाले.

प्लग बसवला, किक मारली, आणि विझते आहे असं वाटताच मामांनी मूठ जराशी पिळून तिला तेवती ठेवली. मी वाकून स्क्रू सैल करू लागले, केसाएवढा, मग आणखी केसाएवढा. आवाज अडखळत होता, हळूहळू सावरत होता. मामांनी डोळे मिटले होते. एकाएकी त्यांनी हात वर केला. "थांब. हितंच. आता दमानं बोलतीया."

खरंच बोलत होती. थोडं इकडं केलं तर गुदमरायची, थोडं तिकडं केलं तर उपाशी. मधली ती जागा एवढीशी होती, आणि तेवढ्याशा जागेत मामांचं आणि माझं ओझं घेऊन ती चढ चढून गेली.

फाटकातून आत शिरलो तेव्हा मुलं रांगेत उभी होती. शिपायानं प्रार्थनेच्या घंटेचा हातोडा हातात घेतला होता. मामा उतरले, पटका सारखा केला आणि मोठ्यानं म्हणाले, "मास्तर, घड्याळ बघा की!"

हेडमास्तरांनी घड्याळ बघितलं नाही. त्यांनी माझ्या हातांकडं बघितलं, कोपरापर्यंत काळ्या झालेल्या. मग शिपायाला हातानं थांबवलं.

"बाई, हात धुऊन या," ते म्हणाले. "तोवर प्रार्थना थांबेल."