श्यामरावांच्या गौरी

श्यामराव बिडकर माणूस वाईट नव्हते. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचं ऐकून तुमचं मत फिरेल. कोल्हापुरात एका मूर्तिकाराच्या हाताखाली तयार झाले, ऐन विशीत सिनेमाचं वेड डोक्यात शिरलं आणि एका कंपनीच्या मागोमाग कलकत्त्याला आले, ते तिथलेच होऊन राहिले. टॉलीगंजच्या ‘नवछाया पिक्चर्स’मध्ये प्लास्टरखातं त्यांच्याकडे होतं. देवळाचे खांब, राजवाड्याचे सिंह, मारामारीत फुटायच्या सुरया, सगळं त्यांच्या हातचं. पडद्यावर पाहणाऱ्याला दगड वाटायचा, आणि जवळ जाऊन टिचकी मारली की पोकळ वाजायचं.

माणूस वाईट नव्हता, पण हट्टी. हट्टी म्हणजे किती? एकुलती एक लेक कालिंदी, तिनं निखिल नावाच्या बंगाली मास्तराशी लग्न केलं. फाळणीत बारिसालहून नेसत्या वस्त्रानिशी आलेला पोरगा, जादवपूरच्या निर्वासितांच्या वसाहतीत शाळा चालवायचा. जातीचा नाही, भाषेचा नाही, घरात रोज मासळी. पोरगी नोंदणी करून आली आणि पाया पडायला वाकली, तेव्हा श्यामरावांनी पाय मागे घेतले. मग मोरीत जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं, मेल्या माणसाच्या नावानं घेतात तसं. “आम्हाला मुलगी नव्हती असं समजायचं,” असं बायकोला बजावलं. वृंदाबाई मुळातच कमी बोलणाऱ्या, रत्नागिरीकडच्या. नवरा ओले कपडे पिळत असताना त्यांनी फक्त मुलीची वेणीफणीची पेटी उचलून आपल्या ट्रंकेत ठेवली.

आता यातली खरी गंमत ऐका, गंमत म्हणायची तर. ज्या बापानं लेकीच्या नावानं आंघोळ केली, त्यानंच तिला कलकत्त्यातल्या मराठी घराघरांत नेऊन बसवलं होतं.

झालं असं होतं, की लग्नाच्या आधी एका चित्रपटासाठी देवीचा पुतळा हवा होता. नटीच्या चेहऱ्यावरून साचा काढायचा, तर बाईसाहेब प्लास्टर तोंडाला लावून घेईनात. श्यामरावांनी मग कालिंदीला बसवलं. तोंडाला खोबरेल चोपडलं, नाकात कागदाच्या नळ्या घातल्या आणि वर ओलं प्लास्टर लिंपलं. “हलू नकोस, आणि हसशील तर खबरदार,” म्हणाले. असं सांगितल्यावर कुणाला हसू येणार नाही? पोरीनं दाबलं, पण ओठाचा डावा कोपरा जरासा वर गेलाच. तो तसाच साच्यात उतरला.

तो साचा त्यांनी जपून ठेवला होता. लग्नानंतरच्या पहिल्याच भाद्रपदात महाराष्ट्र मंडळातल्या बायका कुरकुरू लागल्या, की इथं गौरींचे मुखवटे मिळत नाहीत, कुमारटुलीतल्या कुंभारांना सांगावं तर दुर्गाच करून देतात. बदलीवर आलेल्या अधिकाऱ्यांच्या बायका त्या, घरचे पितळी मुखवटे गावाकडे थोरल्या जावेकडे राहिलेले. श्यामराव म्हणाले, मी देतो करून. फुकट दिले. फळीवरचा साचा काढला, त्यात प्लास्टर ओतलं, पिवळा रंग दिला, मिटलेल्या डोळ्यांवर रंगानं उघडे डोळे काढले. वर नथ आली, कुंकू आलं, गजरे आले. बदलीवर आलेल्या या बायकांनी कालिंदीला कधी पाहिलेलंच नव्हतं, कोण ओळखणार? भवानीपूर, बालीगंज, गार्डन रीचच्या रेल्वे बंगल्यांत कालिंदी दरसाल तीन दिवस माहेरपणाला जायची, पुरणपोळी खायची, ओटी भरून घ्यायची. बिडकरांच्या स्वतःच्या घरीही तेच मुखवटे. वृंदाबाई पूजा झाली तरी गौरीसमोरून हलायच्या नाहीत, पदरानं तिची हनुवटी पुसत बसायच्या. श्यामरावांना वाटायचं, बायको भाविक आहे.

कालिंदीच्या लग्नाला काही वर्षं उलटली, त्या वर्षीची गोष्ट. फाळणीत पूर्व बंगाल गेला तेव्हापासून ‘नवछाया’ची निम्मी थिएटरं परमुलुखात राहिली होती. कंपनीला दम लागला होता. व्यवस्थापक नियोगीबाबूंनी टूम काढली, की रविवारी प्रतिष्ठित कुटुंबांना बोलावून स्टुडिओच्या कामशाळा दाखवायच्या, म्हणजे शहरात नाव राहील. महाराष्ट्र मंडळाची पाळी आली ती गणपतीच्या तोंडावर. दाखवणार कोण, तर श्यामबाबू, भाषा जाणणारे. वृंदाबाईही मंडळाच्या बायकांबरोबर येणार होत्या. इतकी वर्षं संसार केला, पण नवऱ्याचं काम त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

निघायच्या आधी सकाळी वृंदाबाईंनी चहाचा कप पुढे ठेवला आणि उभ्याच राहिल्या.

“अहो, कालिंदीला मुलगी झालीय.”

श्यामराव बशीत चहा ओतत होते, ते थांबले.

“तुला कुणी सांगितलं?”

“कळलं. या गौरींना तिला बोलवू या. तीन दिवस. देवी माहेरी येते आणि आपली लेक दारात येत नाही, हे मला आता सोसत नाही.”

एरवी कप आपटला असता. त्या दिवशी आपटला नाही. नात झाली हे ऐकून आतून काहीतरी सैल झालं होतं, आणि खरं सांगायचं तर हट्ट धरून धरून त्यांचाही जीव मेटाकुटीला आला होता.

“बघू. संध्याकाळी सांगतो,” ते म्हणाले.

नाही म्हणाले नाहीत. तेवढ्यावरच वृंदाबाईंनी ठेवणीतली इरकली नेसली.

कामशाळा दाखवताना श्यामराव चांगले खुलले. सुतारखान्यात नुसत्या पुढच्या बाजूचं घर दाखवलं, मागून बांबूंनी टेकू दिलेलं. रंगशाळेत कापडावर रंगवलेला हिमालय गुंडाळी करून कोपऱ्यात उभा होता, तो दोन माणसांनी उलगडला. टोप करणाऱ्या म्हाताऱ्या मियाँनी एका साहेबांच्या टकलावर शाहजाद्याचे केस चढवले तेव्हा सगळी मंडळी पोट धरून हसली. खरं तर निम्मी मेजं रिकामी होती आणि उरलेले कारागीर पगाराची वाट बघत नुसतेच बसलेले होते, पण पाहुण्यांच्या ते कशाला लक्षात येतं?

शेवटी प्लास्टरखातं. दारातून आत शिरताच पांढरी भुकटी बुटांना लागते म्हणून पुरुषमंडळी बाहेरच सिगारेटी पेटवत राहिली. बायका आत आल्या. भिंतीवर ओळीनं चेहरे टांगलेले, सगळे पांढरे, सगळ्यांचे डोळे मिटलेले. घरून निघताना आपण बायकोला एकटीला मागे घेऊन हळूच त्यांतला कालिंदीचा चेहरा दाखवू, आणि तिथंच ‘बोलाव तिला’ म्हणू, असं श्यामरावांच्या मनात आलं होतं. देवाला ते मंजूर नव्हतं म्हणा, की श्यामरावांच्या नशिबाला.

“अगंबाई, ही तर आमची गौर!”

प्रेमलताबाई होत्या त्या. यजमान रेल्वेत मोठ्या हुद्द्यावर, गेल्याच वर्षी गार्डन रीचला आलेल्या, मंडळात त्यांचा शब्द चालायचा. बोट लावून त्या ओठाचा डावा कोपरा दाखवत होत्या. “बघा, हेच ते हसू. आमच्याकडे गेल्या वर्षी सगळ्या म्हणत होत्या, गौर हसतेय म्हणून.”

बायका गोळा झाल्या. खरंच की, आमचीही हीच, असं प्रत्येकीला आठवलं. आधी सगळ्यांना मौज वाटली. मग प्रेमलताबाईंचं हसू थोडं कमी झालं.

“पण श्यामराव, हे चेहरे तुम्ही जित्या माणसांवरून घेता ना? मग ही कोण?”

उत्तर केवढं सोपं होतं. माझी मुलगी. दोन शब्द. पण त्या दोन शब्दांच्या मागे दुसरा प्रश्न उभा होता: हो का, तुम्हाला मुलगी आहे? कुठं दिली? गावच्या, जातीच्या, हुद्द्याच्या या बायकांसमोर जादवपूरच्या चटईच्या झोपडीचं नाव घ्यायचं? ज्या प्रश्नाला भिऊन इतकी वर्षं काढली तो असा भर दुपारी समोर आला होता. वृंदाबाई सगळ्यांच्या मागे उभ्या होत्या. त्यांची नजर भिंतीवर होती.

“कुणी नाही,” श्यामराव म्हणाले. “अशीच एक मुलगी होती. गर्दीत उभं राहायला यायची.”

“सिनेमातली? आता कुठं असते?”

“नाही आता,” ते म्हणाले. “वारली.”

बोलून गेले. अहो, घाबरलेला माणूस दार सापडलं की आत शिरतो, मागे काय आहे ते बघत नाही. त्यांना वाटलं, मेल्या माणसाबद्दल कुणी पुढे विचारत नाही.

प्रेमलताबाईंनी चटकन बोट काढून घेतलं आणि पदराला पुसलं. “म्हणजे मेलेल्या बाईचं तोंड आम्ही मखरात बसवलं? तिला कुंकू लावलं? श्यामराव, तुम्ही आपल्यातले ना हो? एखाद्या जित्या सवाष्णीचं असतं, कुणाच्या लेकीबाळीचं, तर आम्ही उलट डोकं टेकलं असतं. गौर म्हणजे दुसरं काय असतं? आणि तुम्ही हे!”

लेकीबाळीचं. शब्द कानावर पडला आणि आपण काय केलं हे श्यामरावांना कळलं. खरं सांगितलं असतं तर तरले असते. आता तोंड उघडून ‘ती जिवंत आहे’ म्हणायचं, तर आधी स्वतःला खोटं ठरवायला हवं होतं. तेवढी छाती त्यांच्यात नव्हती.

गलबला ऐकून नियोगीबाबू आले. पाहुण्या रागावल्यात एवढंच त्यांना समजलं. “श्यामबाबू, जुना साचा आहे, फोडून टाका. बायकांचं समाधान होऊ दे,” ते हिंदीत म्हणाले.

श्यामरावांनी फळीवरून साचा उतरवला. आतल्या बाजूला कालिंदीचा चेहरा खोलगट उमटलेला होता, नाकाच्या जागी खड्डा, ओठाच्या जागी खाच. त्यांनी लाकडी हातोडा घेतला. पहिला घाव चुकला. दुसऱ्याला साचा फुटला. मग भिंतीवरचा चेहराही काढला आणि तोही फोडला. मागे उभ्या वृंदाबाईंनी सगळं शेवटपर्यंत पाहिलं आणि मग त्या सावकाश दाराबाहेर पडल्या.

ट्राममधून दोघं शेजारी बसून आली, पण वृंदाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. घरी आल्यावर श्यामरावांनी टोपी खुंटीला अडकवली आणि तिकडेच तोंड करून म्हणाले, “बोलाव तिला. मी विचार केला.”

“कुणाला?” वृंदाबाईंनी विचारलं.

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर भांडता तरी आलं असतं. “पहिल्या वर्षीच मी गौरीचं तोंड ओळखलं होतं,” त्या म्हणाल्या. “मला वाटायचं, तोंडानं बोलत नाहीत, पण मनातून यांनी लेकीला घरात घेतलंय. त्याच आशेवर मी राहिले हो.”

पुढच्या आठवड्यात मंडळातल्या बायकांनी आपापले मुखवटे बाबूघाटावर गंगेत सोडून दिले. कुणी पुण्याहून पितळी मागवले, कुणी तांब्यावरच गौर मांडायचं ठरवलं. वृंदाबाईंनी घरचे मुखवटे कुठं ठेवले ते श्यामरावांना दिसलं नाही. विचारलं, तर त्या म्हणाल्या, “या वर्षी माझ्या माहेरच्यासारख्या खड्यांच्या गौरी. नदीवरून आणीन.”

कोकणात असतात तशा. सवाष्णीनं नदीवर जायचं, खडे वेचायचे आणि ते घरी येईपर्यंत कुणाशी अवाक्षर बोलायचं नाही. गंगेच्या काठी खडे कुठले, नुसता गाळ. पण घाटाच्या जुन्या विटांचे झिजून गुळगुळीत झालेले तुकडे मिळतात, तेच घेईन म्हणाल्या. गौरींच्या दिवशी तबक आणि रुमाल घेऊन त्या सकाळीच बाहेर पडल्या.

श्यामराव घरी राहिले. मनात म्हणाले, आज तिचे पाय आपण धुवायचे. खडे घेऊन येणारीचे पाय उंबऱ्यावर दूधपाण्यानं धुतात, ते काम घरच्या लेकीचं, पण लेक नाही तर आपण. पाय धुताना क्षमा मागू आणि तसेच उठून जादवपूरला जाऊ. त्यांनी कुंकू कालवलं आणि उंबऱ्यापासून देवघरापर्यंत गौरीची पावलं काढली; गौर आणणारीनं त्यांवरूनच पाऊल टाकत आत यायचं असतं. आयुष्यभर साचे केलेला हात, पावलं अशी उतरली की प्रत्येक पावलाची बोटंन्‌बोटं मोजून घ्यावीत. दूधपाण्याचा तांब्या भरून दारात बसले.

दुपार झाली. दुधावर साय धरली. ऊन अंगणातून सरकून समोरच्या भिंतीवर गेलं, तरी वृंदाबाईंचा पत्ता नाही. दिवेलागणीच्या सुमाराला एक बारीक, चष्मेवाला तरुण दाराशी आला. कुंकवाची पावलं बघून तो उंबऱ्याबाहेरच थांबला.

“मा आमच्याकडे आल्यात,” निखिल हिंदीत म्हणाला. “दारात येऊन उभ्या राहिल्या, पण बोलेनात. कालिंदीनं पाय धुतले, खडे पाटावर मांडले, तेव्हा कुठं बोलल्या. तुम्ही काळजी कराल म्हणून सांगायला आलो. विसर्जन झालं की येतील.”

श्यामरावांनी मान हलवली. ‘आत या’ म्हणायला हवं होतं, ‘मीही येतो’ म्हणायला हवं होतं. पण मेली म्हणून चारचौघींत सांगितलेल्या मुलीच्या दारात कोणत्या तोंडानं जायचं? पोरगा नमस्कार करून गेला.

तीन दिवस ते त्या पावलांशेजारी वावरले. मोलकरणीला पुसू दिली नाहीत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वृंदाबाई आल्या. अंगाला बाळंतिणीच्या खोलीतल्या धुरीचा वास येत होता. उंबऱ्यापाशी त्या थांबल्या, आतपर्यंत गेलेली पावलं त्यांनी नीट पाहिली. मग निऱ्या जरा उचलून धरल्या आणि एकाही पावलावर पाय पडू न देता, भिंतीच्या कडेकडेनं स्वयंपाकघरात गेल्या.