खाता येईपर्यंत पिल्लू मिळणार नाही

मोतीबाईच्या नवऱ्याची, हरिचंद्रची कंपनी बंद पडली त्या वर्षी तिच्या घरी कॉकटेल आले. कॉकटेल म्हणजे परदेशी पोपटाची एक लहान जात. अंग राखाडी, डोक्यावर पिवळा तुरा, गालावर केशरी टिकली. घरी बसून कंटाळलेल्या हरिचंद्रने मित्राकडून दोन जोड्या आणल्या, मागच्या पडवीला जाळी ठोकली, आणि महिन्याभरात त्याचा उत्साह मावळला. तो बदलापूरला एका गोदामात कामाला लागला. पक्षी मोतीबाईच्या गळ्यात पडले.

अंबरनाथ गावातल्या त्या आगरी घरात कोंबड्या पिढीजात होत्या. पण कोंबडीचं पिल्लू अंड्यातून निघालं की दुसऱ्या दिवशी दाणे टिपतं. हे पिल्लू निघायचं ते आंधळं, उघडं, मानसुद्धा न धरणारं. आईबापांनी टाकलेलं पहिलं पिल्लू मोतीबाईने ओंजळीत घेतलं तेव्हा हे काही जगत नाही, असंच तिला वाटलं. तरी तिने सातूचं पीठ पातळ शिजवलं, एका चमच्याच्या दोन्ही कडा ठोकून पन्हाळीसारख्या केल्या आणि थेंब थेंब भरवायला बसली. ते पिल्लू गेलं. पहिल्या वर्षी तिच्या हातून सहा पिल्लं गेली. कुणाच्या पोटात गार खाणं आंबलं, कुणाच्या श्वासनळीत घास गेला. प्रत्येक वेळी आपलं काय चुकलं ते ती शोधून काढायची आणि ती चूक पुन्हा होऊ द्यायची नाही. तिसऱ्या वर्षी तिच्या हातून एकही पिल्लू गेलं नाही.

तिच्या पिल्लांचं नाव उल्हासनगरपर्यंत पोचलं. तिथल्या कॅम्प तीन या भागात टिकमदास नावाच्या व्यापाऱ्याचं पक्ष्यांचं दुकान होतं. तो स्वतः येऊन पिल्लं बघून गेला आणि म्हणाला की तीन आठवड्यांची झाली की लगेच द्यायची, मोठी करत बसायचं नाही. लोकांना लहानच हवीत. मालकाने स्वतःच्या हाताने भरवलं की पिल्लू त्यालाच आई समजतं, असं तो गिऱ्हाइकाला सांगायचा. मोतीबाईलाही ते खरं वाटलं. शिवाय पिल्लू लवकर गेलं की तिची दिवसातून पाच वेळा भरवण्याची दगदग वाचायची. कुणी थेट घरी आलं तर ती त्यांनाही तसंच द्यायची. चमचा कसा धरायचा ते दाखवायची, पीठ पातळ ठेवा, कोमट ठेवा, एवढं सांगायची. दहा मिनिटांत शिकवणी संपायची. गेलेल्या पिल्लांचं पुढे काय होतं हे तिने कधी विचारलं नाही, आणि कुणी आपण होऊन सांगायला आलं नाही.

त्र्याण्णव सालच्या दिवाळीनंतर कॅम्प पाचमधून कमळाकर आणि विठा हे जोडपं आलं. कमळाकर जीन्सच्या कारखान्यात शिलाई मशीनवर होता. लग्नाला तीन वर्षं झालेली. विठा दिवसभर खोलीत असायची, घरात सासू असली तरी तिला सोबत म्हणून पिल्लू हवं होतं. तिने सगळं नीट ऐकून घेतलं, दोनदा स्वतः भरवून दाखवलं. मुलगी समजूतदार दिसली म्हणून मोतीबाई निर्धास्त झाली.

बाराव्या दिवशी विठा एकटीच आली. हातात चपलांच्या खोक्यात पिल्लू. त्याच्या गळ्याखाली, जिथे खाल्लेलं साठतं त्या पिशवीवर, कातडी काळी पडून भोक पडलं होतं आणि भरवलेलं पीठ त्या भोकातून बाहेर येत होतं. असं काही मोतीबाईने आयुष्यात पाहिलं नव्हतं. पण कशाने झालं हे तिला बघताक्षणी कळलं.

"गरम दिलंस काय गो?"

"कोमट दिलं," विठा म्हणाली. "तुम्ही सांगितलंत तसं. बोट घालून बघत होते प्रत्येक वेळी."

"कोमट म्हंजे केवढं?"

विठाने जरा विचार केला. "आमच्याकडे आंघोळीचं पाणी कोमट म्हणतात. तेवढं."

मोतीबाईचं कोमट तिच्या मनगटाला ठाऊक होतं, आणि ते शिकायला तिला सहा पिल्लं द्यावी लागली होती. या मुलीला तिने एक शब्द दिला होता फक्त.

पिल्लू दुपारी मोतीबाईच्या हातातच गेलं. विठा रडली नाही. खोकं मिटताना ती एवढंच म्हणाली की सासूबाई म्हणतात ते खरं आहे, माझ्या हाताला यश नाही. मोतीबाईने खोदून विचारलं तेव्हा कळलं की वर्षापूर्वी चौथ्या महिन्यात तिचं मूल पोटातच गेलं होतं. तेव्हापासून घरात दूध नासलं तरी सासू सुंदराबाई हिच्या हाताकडे बघायची. आता पिल्लूही गेलं होतं. विठाने दुसरं पिल्लू मागितलं नाही, तक्रारही केली नाही. खोकं काखेत घेऊन निघून गेली.

ती मोतीबाईला टाकून बोलली असती तर बरं झालं असतं. दोन दिवस मोतीबाईला जेवण गोड लागलं नाही. मग ती उठली आणि आजवर थेट घरून पिल्लू नेलेल्यांपैकी ज्यांचा पत्ता आठवत होता त्यांच्या दारी जायला लागली. अंबरनाथला चार घरं, बदलापूरला दोन, वांगणीला एक. हरिचंद्र म्हणाला, विकलेल्या पिल्लाचं सुतक कोण धरतं? ती म्हणाली, मना बघायचंय. सात घरांत दोन पक्षी जिवंत सापडले. बाकी कुठे घास श्वासात गेला होता, कुठे भरवणारी बाई माहेरी गेली आणि शेजारणीने थंड पीठ घातलं होतं. एका घरी तर पिल्लू आता मोठं झालं असं समजून त्याच्यापुढे नुसते दाणे ठेवले होते. ते दाण्यांजवळच उपाशी मेलं. आणि प्रत्येक घरात लोक खाली मान घालून सांगत होते की आमचंच चुकलं. मोतीबाईला दोष द्यावा असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

शेवटी ती शेअर रिक्षाने कॅम्प पाचला गेली. विठाची खोली शोधून काढली. सुंदराबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. मोतीबाई पाणीसुद्धा न घेता तिच्यासमोर बसली.

"मी अंबरनाथची पिल्लंवाली," ती म्हणाली. "तुमच्या सुनेच्या हातात काय खोट नाय. न खाणारं पिल्लू नवख्या मानसाला देऊ नये. मी दिलं. चूक माझी हाय."

सुंदराबाईने सूप खाली ठेवलं. एका पाखरासाठी कुणी एवढ्या लांब येतं का, असं ती हसून म्हणाली.

"एवढंसं पाखरू होतं, तर तिच्या हाताला कशाला बोललात?"

सुंदराबाईचं हसू गेलं. तिने आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. दाराच्या आड विठा उभी होती. मोतीबाईने तिला उद्यापासून भरवायला शिकण्यासाठी अंबरनाथला यायला सांगितलं, सासूच्या देखत. ही मागणी आहे की हुकूम हे कुणालाच कळलं नाही. पण विठा आली.

त्याच आठवड्यात मोतीबाईने टिकमदासला निरोप दिला की यापुढे पिल्लू स्वतःचं स्वतः खायला लागलं, आणि वर आठ दिवस हाताचा घास न घेता तगलं, म्हणजे दोनेक महिन्यांचं झालं, तरच मिळेल. टिकमदास लगोलग आला. तो वाईट माणूस नव्हता. दुकानात उन्हाळ्यात पिंजऱ्यांवर ओली पोती टाकायचा, मोतीबाईच्या घरी पहिल्यांदा आला तेव्हा जमिनीवर बसून जेवला होता. पण धंदा त्याला कळत होता.

"बाई, दो महिने का पिल्लू कौन लेगा? तोपर्यंत ते तुम्हालाच आई समजणार. गिऱ्हाइकाला काय?"

"गिऱ्हाइकाला जिता पक्षी मिलंल."

"आणि पक्ष्याला लळा नाही लागला, नाही हिळला तर?"

"हिळंल. तुमी बघा."

टिकमदासने मान हलवली. लहान पिल्लं देणारे दुसरे लोक त्याच्याकडे होते. त्याने तिच्याकडून माल घेणं थांबवलं.

त्या हिवाळ्यात पडवी पिल्लांनी भरून गेली. भरवणं दुप्पट झालं, बाजरी आणि राळा पोत्याने संपायला लागला. हरिचंद्र रोज कामावरून आला की पिंजऱ्यांकडे बघून सुस्कारा टाकायचा. एकदा तो वैतागून म्हणाला की लोकांना भरवायची हौस आहे तर भरवू दे, त्यांचं नशीब नि पिल्लाचं नशीब. मोतीबाईने चमचा त्याच्या हातात दिला, पुढ्यात पिल्लू ठेवलं आणि म्हणाली, भरवा. पक्षी घरात येऊन सात वर्षं झाली तरी हरिचंद्र एकदाही भरवायला बसला नव्हता. पिल्लाने डोकं जोरजोरात हलवलं, पीठ त्याच्या नाकात गेलं, ते गुदमरायला लागलं. मोतीबाईने झटकन त्याला उलटं धरून पुसून काढलं. हरिचंद्रने चमचा खाली ठेवला. पुन्हा त्याने नशिबाचं नाव काढलं नाही.

विठा दीड महिना रोज येत होती. पहिले चार दिवस मोतीबाईने तिला चमच्याला हात लावू दिला नाही. फक्त पीठ मनगटावर टेकवायचं आणि सांगायचं, बरोबर की नाही. पाचव्या दिवसापासून विठाचं कोमट आणि मोतीबाईचं कोमट एक झालं. मग घास कधी थांबवायचा, पिशवी कितपत फुगू द्यायची, आधीचं जिरलं नसेल तर खायला मागणाऱ्या पिल्लालाही नाही कसं म्हणायचं, हे सगळं आलं. पण तिने न्यायला जे पिल्लू निवडलं ते तिने कधी भरवलेलं नव्हतं. ते आधीच दाणे सोलून खात होतं आणि माणसाला बघून कोपऱ्यात सरकत होतं.

"हेच कशाला?" मोतीबाईने विचारलं.

"टिकमदास शेठ म्हणतात ना हिळणार नाही. बघू या."

तीन आठवडे ते पाखरू विठाकडे पाठ करून बसलं. ती रोज पिंजऱ्याशेजारी बसून भाजी निवडायची, बोलायची, हात आत घालायची नाही. चौथ्या आठवड्यात ते तिच्या बोटावर आलं. मार्चमध्ये विठा त्याला खांद्यावर घेऊन कॅम्प तीनला टिकमदासच्या दुकानात गेली. दुकानात गर्दी होती. पाखरू तिच्या कानाशी शीळ घालत होतं, टिकमदासने हात पुढे केला तर त्याच्या बोटाला चावलं. हाताने भरवलेलं का, असं एका गिऱ्हाइकाने विचारलं. विठा म्हणाली, भरवलेलं मोतीबाईंनी, माझ्याकडे आलं ते खातंपितं.

टिकमदास पुढच्या आठवड्यात अंबरनाथला आला आणि दोन महिन्यांची चार पिल्लं घेऊन गेला. मग आठ. इतरांकडून लहान पिल्लं घेणं त्याने सोडलं नाही, आणि मोतीबाईने त्यावरून त्याला ऐकवणंही सोडलं नाही. विठा पुढेही मोतीबाईबरोबर भरवायचं काम करत राहिली. सुंदराबाई तिच्याशी कशी वागायची हे मोतीबाईने फार विचारलं नाही. एकदा विठाच म्हणाली, हल्ली हाताचं काढत नाहीत. दुसरं काढतात. आणि दोघी हसल्या.

अठ्ठ्याण्णव साली बदलापूरहून एक डॉक्टर गाडी घेऊन आले. त्यांना पिसं फुटत असलेलं पिल्लूच हवं होतं. मी रोज तान्ह्या मुलांना औषधं देतो, ते म्हणाले, मला एक पोपट भरवता येणार नाही का?

"येईल की," मोतीबाई म्हणाली. "दीड महिना रोज इथं या. शिका. मंग न्या, पन खायला लागलेलंच."

डॉक्टरांना राग आला. एवढ्या लांब आलेल्या माणसाला असं परत पाठवतात का, असं बोलून ते गाडीत बसले. मोतीबाईने त्यांना नमस्कार केला, गाडी वळेपर्यंत दारात उभी राहिली. मग आत गेली. दुपारचं भरवायची वेळ झाली होती आणि विठाने पीठ चुलीवरून उतरवलं होतं.