रंभाबाईंच्या तंबूतला नाताळ

रंभाबाई आढाव सिनेमाचा तंबू घेऊन बोईसरला आल्या, तेव्हा त्यांचा नवरा जाऊन वर्ष झालं होतं. नगरकडच्या जत्रांतून तो तंबू फिरवायचा. त्याच्या माघारी धाकटा दीर चंद्रभान मशीन चालवू लागला आणि रंभाबाई दारात बसून तिकिटं फाडू लागल्या. बाईमाणसानं तंबू चालवावा हे पुष्कळांना रुचत नसे. "तंबूवाली" हा शब्द लोक असा काही उच्चारत, की त्यात शिवी नसूनही ती ऐकू येई. रंभाबाई डोक्यावरचा पदर सावरून पुढचं तिकीट फाडायच्या.

१९६६ सालची दिवाळी झाली होती. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात चाललं होतं आणि देशभरची माणसं कामाला आली होती. सालवडच्या अंगाला भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात रंभाबाईंनी तंबू ठोकला. मागे खोल्यांची एक चाळ होती. तिथं वसईचा इनास डाबरे राहायचा. तो सुतार, काँक्रीटसाठी लाकडी साचे बांधायचा. सोबत बायको फ्लोरी आणि चौदा वर्षांची मुलगी रोझी. फ्लोरी आणि रंभाबाई एकाच विहिरीवर पाणी भरत. तिथंच त्यांची ओळख वाढली.

डिसेंबरात एकदा फ्लोरी उदास दिसली. "या वर्षी नाताळला वसईला जाणं नाय," ती म्हणाली. "ह्यांना सुट्टी नाय मिळत."

"मग मी तंबूत नाताळचा सिनेमा लावते," रंभाबाई म्हणाल्या. "पण नाताळचा सिनेमा म्हणजे नेमका कुठला गं?"

संध्याकाळी इनासनं सांगितलं, "ज्यात येशूचा जन्म हाय, तोच. लहानपणी पाद्रीबाबांनी देवळापुढं दाखवला होता. मेंढरं होती, तारा होता. पुढं कुठल्याशा गावात बर्फ पडलेला दाखवला. आमी पोरं ओरडलो, मिठागर, मिठागर!"

"त्यांचं ऐकू नका, ताई," फ्लोरी हसली. "आमच्याकडं नाताळच्या दिवशी सगळं घर मिळून सिनेमाला जातं. कुठला का लागलेला असेना. हसायचं, रडायचं, परत येऊन जेवायचं. सगळ्यांनी मिळून बघितला की झाला नाताळचा."

"मग मारामारीचा बघितला तरी तो नाताळचा?" इनास म्हणाला.

"मग! मागल्या साली तुमीच शिट्ट्या मारत होता ना?"

रंभाबाईंना दोन्ही पटलं. सिनेमे आणायला चंद्रभान मुंबईला जायचा. येशूच्या जन्माचा मिळाला तर बघ, असं त्यांनी त्याला बजावलं. तो पेट्या घेऊन परतला आणि म्हणाला, "देवाचे सगळे आधीच गेलेत, वहिनी. पण हा हिंदी आणलाय त्यात नाताळ हाय. झाड, फुगे, गाणं, सगळं."

रंभाबाईंनी अधिक विचारलं नाही. बैलगाडीला भोंगा बांधून चंद्रभाननं गावोगाव पुकारा केला, 'नाताळनिमित्त खास खेळ, सहकुटुंब पाहा'. सहकुटुंब हा शब्द रंभाबाईंनीच घालायला सांगितला होता.

नाताळच्या संध्याकाळी तंबू भरला. इनास कोट घालून आला होता. फ्लोरीनं रंभाबाईंच्या हातात करंज्यांची पुडी ठेवली. रोझी नव्या पिवळ्या फ्रॉकमध्ये होती आणि तो चुरगळू नये म्हणून उभीच राहू बघत होती. बायकांची बसायची जागा कापडी कनातीनं वेगळी केलेली असे. रंभाबाईंनी दोघींना तिथं पुढं बसवलं आणि आज प्रथमच स्वतःही त्यांच्या शेजारी टेकल्या.

मध्यंतरापर्यंत सगळं ठीक होतं. पुढच्या रिळात नाताळची मेजवानी आली. झाड होतं, फुगे होते. टोपी घातलेला एक ख्रिस्ती म्हातारा झोकांड्या खात आला, मोडक्यातोडक्या हिंदीत बरळला आणि टेबलाखाली पडला. तंबू हसला. मग त्याची मुलगी आली. तोकडा फ्रॉक, हातात पेला. ती परक्या पुरुषांच्या मांडीवर बसत नाचू लागली. पुरुषांच्या बाजूनं शिट्ट्या सुरू झाल्या.

"ए इनास, तुझा सासरा बघ पडला!" कुणीतरी ओरडलं.

हशा पिकला. तेवढ्यात एका टोळक्यानं कनात वर उचलली. पडद्याच्या उजेडात रोझीचा पिवळा फ्रॉक दिसला.

"अरे, इथं पण एक हाय! ए, नाचते का?"

रोझीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिनं फ्रॉक दोन्ही हातांनी गुडघ्यांखाली ओढून धरला. फ्लोरीनं तिला जवळ घेतलं. इनास वाकून कनातीखालून आला, मुलीच्या अंगावर स्वतःचा कोट टाकला आणि तिघं निघाले. रंभाबाई दारापर्यंत मागे धावल्या.

"इनासभाऊ, मला ठाऊक नव्हतं हो."

इनास थांबला. "तुमी नाताळचा म्हणून सांगितलात, बाई. पोर सकाळपासून नाचत होती घरात." एवढंच बोलून तो गेला.

खेळ संपल्यावर रंभाबाईंनी दिराला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"बघितलेला होता मी."

"मग असला का आणलास?"

"असला म्हणजे? सगळ्याच सिनेमांत असंच दाखवतात, वहिनी. हिरो हिंदू, आणि दारुडा आणि नाचणारी ख्रिस्ती. लोकांना सवय हाय."

"आपल्याला सवय हाय," रंभाबाई म्हणाल्या. "उद्या ते रीळ लावायचं नाही."

"त्या गाण्यासाठीच लोक येतात!"

"लावायचं नाही."

दुसऱ्या दिवशी बाया जेमतेम चारदोन होत्या. पुरुषांनी मात्र गर्दी केली, कारण गाण्याचा बोभाटा झाला होता. चंद्रभाननं तोंड पाडून ते रीळ बाजूला ठेवलं. कथा एकदम तुटून पुढं गेली. लगेच आरडाओरडा सुरू झाला. "गाणं दाखवा!" रंभाबाई पडद्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या. पुढच्या रिळाचा उजेड त्यांच्या अंगावर पडला होता.

"ते गाणं इथं दाखवलं जाणार नाही. ज्यांना पटत नाही त्यांनी पैसे परत घ्या."

"तू कोण शिकवणार? तंबूवाली!"

पहिला दगड पडद्याला लागला. मग बाकडी मोडली, कनात फाटली, एका बाजूचा दोर कुणीतरी कापला आणि तंबू लोकांच्या अंगावर ढासळला. कुणाला फारसं लागलं नाही हे नशीब. उजाडताच शेतमालक आला. "मला गावात भांडण नको," तो म्हणाला. "दोन दिवसांत जागा मोकळी करा."

चंद्रभाननं पत्र्याची पेटी भरली होती. "एका सुतारासाठी दादाचा धंदा बुडवलास, वहिनी." तो बांधकामावर नोकरीला लागला. बोईसरच्या बाजारात पुढं दिसला तरी तो दुसरीकडे बघायचा. नवऱ्याच्या पाठीमागे उरलेलं रंभाबाईंचं तेवढंच एक माणूस होतं.

त्या एकट्या दोर गुंडाळत बसल्या होत्या तेव्हा इनास हत्यारांची पिशवी घेऊन आला. त्यानं मोडलेली बाकडी उलटी केली आणि खिळे काढायला लागला. दुपारपर्यंत तो काम करत होता. रंभाबाईंनी चहा पुढं केला तो त्यानं घेतला.

"रोझी कशी आहे?"

"फ्रॉक घालत नाय. आई समजावते, पण नाय म्हणते."

"मी येऊ तिला भेटायला?"

इनासनं पेला खाली ठेवला. "नको, बाई. तुमी चांगलं केलंत, ते मला ठाऊक हाय. तिला अजून नाय कळायचं."

रंभाबाईंनी तंबू मनोरला नेला, मग विक्रमगडला. मशीन चालवायला माणूस टिकेना, म्हणून त्या स्वतःच शिकल्या. फिल्म अडकायची, मशीनच्या दिव्यातल्या कार्बनच्या कांड्या विझायच्या, हात भाजायचे. लोक अंधारात ओरडायचे आणि त्या घाम पुसत पुन्हा फिल्म ओवायच्या. लोकांसमोर लावण्याआधी प्रत्येक सिनेमा त्या रिकाम्या तंबूत एकट्यानं बघून घेत. त्यामुळं कितीतरी चालणारे सिनेमे त्यांनी परत पाठवले आणि धंदा कधीच पूर्वीसारखा झाला नाही. नाताळ आला की मुंबईचा वितरक विचारायचा, "काही खास पाठवू का, बाई?" त्या दिवशी तंबू बंद असतो, असं त्या सांगायच्या.