पृथ्वीचं रक्त

भूगोल शिकवताना मी वर्षानुवर्षं सांगत आलो, की सागरी प्रवाह म्हणजे पृथ्वीच्या रक्तवाहिन्या. रक्त जसं पायाच्या बोटांपर्यंत ऊब नेतं, तसे उष्ण प्रवाह थंड प्रदेशांना ऊब देतात. काल किनाऱ्यावर सुकट वाळवणाऱ्या पारूबाईंनाही मी मोठ्या कौतुकानं तेच ऐकवलं. त्यांचा हात थांबला.

"गुरुजी, माझ्या नवऱ्याला प्रवाहानंच ओढून नेलं. रक्त असं घरच्या माणसाला गिळतं होय?"

तो प्रवाह वेगळा, हे माझ्या ओठांवर आलं होतं. त्याचीच लाज वाटली.

"तुमची पृथ्वी शाळेत ठेवा," त्या म्हणाल्या आणि पाठ फिरवली.

पायाशी लाट आली. पाणी कोमट होतं. मला त्याची किळस आली आणि मी झटकन मागे सरलो.